क्रीडा छायाचित्रणासाठी पहिला डीएसएलआर संच : खान्देशातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत शालेय स्पर्धा, टेनिस बॉल क्रिकेटचे सामने, यात्रेतील कुस्त्यांच्या दंगली किंवा मॅटवरची कबड्डी टिपण्यासाठी पहिल्यांदाच डीएसएलआर घेणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न असतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. किमती सतत बदलत असल्याने आकडे दिलेले नाहीत. मात्र पैसा कशावर आधी खर्च करावा आणि कशावर नंतर, हे शक्य तितके स्पष्ट सांगितले आहे.

खरेदीची सुरुवात कॅमेऱ्यापासून करावी की लेन्सपासून?

दोन्हींच्या आधी आपण कोणता खेळ टिपणार आहोत आणि तो किती उजेडात खेळला जातो, हे ठरवावे. डिसेंबरातल्या स्वच्छ उन्हात अमळनेर किंवा शहाद्याच्या मैदानावर आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचे माप) २०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/५.६ ठेवले तरी १/१६०० सेकंदाच्या आसपास शटर स्पीड (चित्र टिपायला लागणारा वेळ) मिळतो आणि एवढ्यात धावणारा खेळाडू स्पष्ट टिपला जातो. तोच खेळाडू सायंकाळी बंदिस्त क्रीडा सभागृहात खेळू लागला की उजेड कित्येक पटींनी घटतो. अशा ठिकाणी एफ/२.८ आणि १/५०० सेकंदासाठी आयएसओ ३२०० च्या आसपास जावे लागते, आणि लेन्स एफ/५.६ च्या पुढे उघडतच नसेल तर तोच शटर स्पीड राखण्यासाठी आयएसओ १२८०० लागतो. सुरुवातीच्या श्रेणीतील कॅमेऱ्यांवर या आयएसओला चित्रात इतके दाणे येतात की वर्तमानपत्रातील लहान चौकटीपलीकडे ते वापरणे कठीण होते.

म्हणून दिवसाच्या मैदानी खेळांसाठी साधी टेलिझूम (दूरचे कमी-अधिक जवळ आणून दाखवणारी) लेन्स चालते, तर सभागृहातल्या खेळांसाठी मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सला पर्याय नाही. एकूण रकमेपैकी निम्म्याहून अधिक पैसे लेन्सवर खर्च झाले तरी बिचकू नये. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, चार-पाच वर्षांत बदलली जाते; चांगली लेन्स त्याहून बराच काळ साथ देते.

दुकानात ‘डबल झूम’ म्हणून मिळणारा संच खेळांसाठी पुरेसा आहे का?

दिवसा पुरेसा आहे. मिमीचा आकडा (फोकल लेंग्थ) जितका मोठा, तितके दूरचे जवळ दिसते; म्हणून या संचातील १८-५५ मिमी लेन्स खेळासाठी फारशी उपयोगी नसते. ती बक्षीस समारंभ, संघाचे छायाचित्र आणि मैदानाचे विस्तृत दृश्य यांसाठी ठेवावी. खरे काम दुसरी लेन्स करते आणि तिच्यातही बारकावे आहेत. कॅनन १५००डी बरोबर बहुतेक वेळा ५५-२५० मिमीची ‘आयएस II’ ही आवृत्ती येते. तिची फोकस मोटर संथ आहे. त्याच फोकल लेंग्थची ‘एसटीएम’ आवृत्ती फोकसला स्पष्टपणे चपळ असून ती वापरलेल्या बाजारात सहज मिळते. निकॉनच्या संचातील एएफ-पी ७०-३०० मिमी लेन्स या वर्गात सर्वांत वेगाने फोकस करणाऱ्यांपैकी आहे. तिच्याही दोन आवृत्त्या आहेत, एक व्हीआर असलेली आणि एक नसलेली. थोडे पैसे जास्त पडले तरी व्हीआरची घ्यावी. मात्र व्हीआरमुळे फक्त आपल्या हाताची थरथर सावरली जाते, खेळाडूची हालचाल त्याने थांबत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

बॉडी निवडताना नेमके काय पाहावे? मेगापिक्सेल किती असावेत?

मेगापिक्सेलची चिंता सोडून द्यावी. गेल्या दहा वर्षांतील बहुतेक डीएसएलआर २० ते २४ मेगापिक्सेलचे आहेत आणि क्रीडा छायाचित्रणासाठी तेवढे भरपूर होतात. पाहायच्या गोष्टी तीन आहेत. फोकस बिंदू (चौकटीतील ज्या जागांवर कॅमेरा फोकस साधू शकतो) किती आणि त्यांतले क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा ओळखणारे) किती, दर सेकंदाला किती चित्रे निघतात, आणि सलग चित्रे घेताना कॅमेरा किती वेळाने अडखळतो.

कॅनन १५००डी मध्ये ९ फोकस बिंदू आहेत, त्यांतला फक्त मधला क्रॉस प्रकारचा आहे, आणि वेग सेकंदाला ३ चित्रे एवढाच आहे. २००डी II चा वेग ५ चित्रांचा असला तरी फोकस यंत्रणा तशीच ९ बिंदूंची आहे. निकॉन डी३५०० मध्ये ११ बिंदू आणि ५ चित्रे, तर डी५६०० मध्ये ३९ बिंदू आणि ५ चित्रे मिळतात. यांपैकी कशानेही खेळ टिपता येतो, पण खेळाडू चौकटीच्या मध्यातून सरकला की फोकस सुटतो आणि नवशिक्याला दोष आपल्या हाताचा वाटतो.

एक पायरी वर गेल्यास फरक लगेच जाणवतो. निकॉन डी७२०० (२०१५) मध्ये ५१ बिंदू आणि सेकंदाला ६ चित्रे आहेत. डी७५०० (२०१७) मध्ये तेवढेच बिंदू असून वेग ८ चित्रांचा आहे. कॅनन ८०डी (२०१६) मध्ये ४५ बिंदू आणि ७ चित्रे, तर ९०डी (२०१९) मध्ये ४५ बिंदू आणि १० चित्रे आहेत. त्याहून वर कॅनन ७डी मार्क II (२०१४) आणि निकॉन डी५०० (२०१६) हे दोन कॅमेरे खास वेगवान हालचालींसाठीच घडवले गेले. पहिल्यात ६५ आणि दुसऱ्यात १५३ बिंदू आहेत आणि दोघांचाही वेग सेकंदाला १० चित्रांचा आहे.

आमचे मत विचाराल तर, नवीन १५००डी आणि चांगल्या स्थितीतील वापरलेला ८०डी किंवा डी७२०० यांत निवड करायची असेल, तर खेळांसाठी वापरलेला घ्यावा. खोक्यातून नवा कॅमेरा काढण्याचा आनंद पहिल्या सामन्यापर्यंतच टिकतो.

आता सगळे मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळले आहेत. मग डीएसएलआर का घ्यावा?

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवीन डीएसएलआर आणलेला नाही, ही वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही. पैशांची अडचण नसेल तर मिररलेस घ्यावा. त्यातील खेळाडूचा चेहरा आणि डोळा ओळखणारी फोकस यंत्रणा खरोखरच पुढची आहे. परंतु मर्यादित रकमेत पहिला संच उभारणाऱ्यासाठी डीएसएलआरचा हिशेब वेगळा आहे. अनेक जण मिररलेसकडे गेल्यामुळेच चांगल्या बॉडी आणि लेन्स वापरलेल्या बाजारात उतरल्या आहेत. निकॉनचे एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडण्याची खाच) १९५९ पासून आणि कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासून चालत आलेले आहे, त्यामुळे लेन्सची निवडही अफाट आहे. शिवाय प्रकाशीय व्ह्यूफाइंडरला (डोळा लावून पाहायच्या खिडकीला) वीज जवळजवळ लागत नसल्याने बॅटरी खूप टिकते. प्रमाणित चाचणीनुसार डी३५०० एका चार्जवर १५५० आणि ९०डी सुमारे १३०० चित्रे देतो. दिवसभर मैदानावर चार्जिंगची सोय नसलेल्या गावात ही बाब किरकोळ नाही.

पुढे मिररलेस घ्यायचा विचार झाला, तर कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर नव्या बॉडीला उत्तम चालतात. निकॉनमध्ये एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स फोकस करतात, जुन्या एएफ-डी लेन्स मात्र करत नाहीत. निकॉनच्या लेन्स घेताना एवढे ध्यानात ठेवावे.

सभागृहातील कबड्डीसाठी कोणती लेन्स घ्यावी आणि बसावे कुठे?

या प्रश्नाचे उत्तर बसण्याच्या जागेवर अवलंबून आहे, म्हणून आधी जागेचा विचार करू. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. म्हणजे अंतिम रेषेपासून मध्यरेषा साडेसहा मीटरांवर येते. बहुतेक नवखे छायाचित्रकार मध्यरेषेच्या टोकाला, पंचांच्या आसपास उभे राहतात. तेथून सगळे दिसते, पण चढाईपटूचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो त्याचा खांदा आणि पंचांची पाठ. त्याऐवजी पंचांच्या संमतीने अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्याकडे थोडे सरकून, जमिनीवर बसावे. चढाया दोन्ही संघांकडून आळीपाळीने होत असल्याने एका चढाईत समोरच्या संघाचा खेळाडू थेट आपल्याकडे तोंड करून येतो. दुसऱ्या चढाईत आपल्या बाजूचा खेळाडू पाठ करून पलीकडे जातो, परंतु गडी टिपून मध्यरेषेकडे झेप घेताना त्याचे तोंड पुन्हा आपल्याकडेच असते आणि त्याच्या पायाला लोंबकळलेले बचावपटूही चौकटीत येतात. कबड्डीतली सर्वांत बोलकी चित्रे या दुसऱ्या प्रकारात मिळतात, असा आमचा अनुभव आहे.

या जागेवरून जवळच्या चढाईसाठी ५० मिमी एफ/१.८ लेन्स योग्य ठरते. सहा मीटरांवर ती साधारण २.८ मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच क्षेत्र टिपते, म्हणजे चढाईपटू आणि त्याच्यावर झेपावणारे एक-दोन बचावपटू त्यात मावतात. पलीकडच्या अर्ध्या अंगणासाठी ८५ मिमी एफ/१.८ हवी. दोन्ही घेणे शक्य नसेल तर ८५ मिमीपासून सुरुवात करावी, कारण दोन्ही कंपन्यांच्या या लेन्सची फोकस गती चांगली आहे आणि खो-खो, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन यांतही ती कामाला येते. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला जवळपास दहापट प्रकाश आत येतो, आणि तो कोणत्याही महागड्या बॉडीने भरून निघत नाही.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. डी३५०० आणि डी५६०० या बॉडीत फोकस मोटर नाही. त्यांवर स्वस्तात मिळणारी ५० मिमी एफ/१.८डी लेन्स लावली तर फोकस हाताने करावा लागतो, आणि चढाईच्या ३० सेकंदांत ते जमत नाही. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी ही अक्षरे आहेत, याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

खो-खोसाठी वेगळे काही लागते का?

लेन्स तीच चालते, पण नजर वेगळी लागते. पाठलाग करणारा खेळाडू दिशा बदलू शकत नाही आणि पळणारा मात्र बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी धावतो, त्यामुळे पळणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवत राहिल्यास बहुतेक चित्रांत बसलेल्याची पाठच आडवी येते. खांबाच्या मागे, मध्यपट्टीच्या किंचित बाजूला बसून खांबावर आधी फोकस साधून ठेवावा. खांबाला हात देऊन घेतलेली झेप ही या खेळातील सर्वांत देखणी हालचाल असून ती कुठे घडणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. शालेय स्पर्धांमध्ये खो-खो बहुधा उघड्या मैदानावर आणि दिवसाच होतो, तेव्हा ५५-२५० मिमी लेन्ससुद्धा निभावून नेते.

क्रिकेटसाठी ३०० मिमी पुरते का, की ६०० मिमीच हवी?

तालुक्याच्या मैदानावर सीमारेषेपासून फलंदाज साधारण ६० मीटरांवर असतो असे धरू. या अंतरावर निकॉनच्या छोट्या सेन्सरवर ३०० मिमी लेन्स सुमारे ३.१ मीटर उंचीचे क्षेत्र टिपते. म्हणजे उभा फलंदाज चौकटीच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापतो. कॅननवर २५० मिमी लावल्यास हेच क्षेत्र साडेतीन मीटरांच्या आसपास जाते. दोन्ही वेळा थोडी कातरणी केली की वर्तमानपत्रासाठी किंवा मोबाइलवर पाहण्यासाठी उत्तम चित्र मिळते. १५०-६०० मिमीच्या सिग्मा किंवा टॅमरॉन लेन्सचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. ती जड असते, ६०० मिमीला तिचे अ‍ॅपर्चर एफ/६.३ असते आणि ऊन उतरल्यावर तिचा उपयोग संपतो.

उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा चेहरा ऑफच्या बाजूने, म्हणजे कव्हर आणि एक्स्ट्रा कव्हरच्या मागच्या सीमारेषेवरून दिसतो. साइट स्क्रीनसमोर किंवा तिच्या लगत उभे राहू नये. फलंदाज तक्रार करतो आणि ती रास्त असते.

यात्रेतील कुस्त्यांच्या दंगलीत काय न्यावे?

गर्दीत सर्वांत पुढे जागा मिळाली, तर ५० किंवा ८५ मिमी. मागे बसावे लागले, तर टेलिझूम. दंगल दुपारी सुरू होऊन मोठ्या कुस्त्या दिवेलागणीच्या सुमारास लागतात, म्हणून ज्या कुस्तीसाठी आपण आलेलो असतो तिला उजेड सर्वांत कमी असतो. उजेड असेपर्यंत झूम वापरून नंतर एफ/१.८ ची लेन्स लावावी. लेन्स बदलताना मात्र आखाड्यापासून दूर जावे, कारण उधळलेली माती कॅमेऱ्यात गेली की ती सेन्सरवर बसते. पंच खाली वाकतो तेव्हा चितपट होण्याचा क्षण जवळ आलेला असतो. आपणही पंचाइतकेच खाली असावे, एवढे पथ्य पाळले तरी चित्र सुधारते.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातील चाली आणि शर्यती याच संचाने टिपता येतील का?

येतील, आणि सरावासाठी यासारखी जागा नाही. दत्तजयंतीपासून तापीकाठी भरणाऱ्या या यात्रेत दिवसभर घोडे फिरवले जातात, त्यामुळे तीच हालचाल पुन्हा पुन्हा टिपण्याची संधी मिळते. हिवाळ्यातले ऊन तिरके आणि स्वच्छ असल्याने साध्या टेलिझूमवर काम भागते. घोड्याचे पाय स्थिर दिसण्यासाठी १/१२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे. ते साधले की मुद्दाम १/६० पर्यंत खाली येऊन घोड्याबरोबर कॅमेरा फिरवण्याचा सराव करावा, ज्यात घोडा स्पष्ट राहतो आणि मागची गर्दी रेषांसारखी पुसट होते. पुष्कळ चित्रे बिघडतील. डिजिटलमध्ये त्याला पैसे पडत नाहीत. घोड्याच्या मागे उभे राहू नये, हे छायाचित्रणाशी संबंधित नसले तरी सांगून ठेवतो.

रात्रीच्या सामन्यात एक चित्र उजळ आणि दुसरे काळपट किंवा पिवळे का येते?

कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/१००० सेकंदाचे शटर त्या चक्राचा लहानसा तुकडाच पकडते आणि तो तुकडा प्रत्येक चित्रात वेगळा असतो. कॅनन ७डी मार्क II, ८०डी, ९०डी आणि निकॉन डी५००, डी७५०० यांत ‘अँटी-फ्लिकर’ ही सोय आहे. ती चालू केल्यावर कॅमेरा प्रकाशाच्या शिखराची वाट पाहून शटर सोडतो. सलग चित्रांचा वेग किंचित घटतो, पण सर्व चित्रांचा उजळपणा सारखा येतो. सुरुवातीच्या श्रेणीतील अनेक कॅमेऱ्यांत ती नसते, तेथे जास्त चित्रे घेऊन त्यांतली चांगली निवडणे हाच मार्ग उरतो. १/१०० सेकंदाला हा दोष नाहीसा होतो खरा, परंतु त्या वेगाला खेळाडू पुसट येतो. दिवे जनरेटरवर असतील तर वारंवारता थोडी इकडेतिकडे होते, तेव्हा अँटी-फ्लिकरवरही पूर्ण विसंबू नये.

फ्लॅश वापरला तर हा सगळा प्रश्न सुटणार नाही का?

नाही. डोळ्यांसमोर फ्लॅश पडल्याने चढाईपटू किंवा फलंदाज क्षणभर दिपतो, आणि पंच आपल्याला बाहेर काढतील. बहुतेक बॉडीत फ्लॅश १/२०० सेकंदाच्या आसपासच जुळतो, हे दुसरे कारण. फ्लॅशवरचे पैसे ८५ मिमी लेन्सकडे वळवावेत.

७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्सची फार स्तुती ऐकतो, पण ती परवडत नाही. काय करावे?

स्तुती यथार्थ आहे. एका लेन्सवर क्रीडा छायाचित्रण करायचे असेल तर तीच. पण पहिल्याच खरेदीत ती घेण्याची गरज नाही. आपल्या भागातील लग्नाचे फोटो काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टुडिओकडे ही लेन्स असते. लग्नसराईत ती मिळणे अशक्य. मात्र चातुर्मासात लग्ने नसतात तेव्हा ती कपाटात पडून असते, आणि नेमक्या त्याच काळात, ऑगस्टपासून पुढे, तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय क्रीडा स्पर्धा चालू असतात. अनामत ठेवून दिवसाच्या भाड्याने लेन्स घ्यावी, देताना आणि परत करताना दोघांनी मिळून काचा तपासाव्यात आणि जमल्यास दोन ओळींची पावती करावी. ओळखीतल्या व्यवहारात पावती मागणे अवघड वाटते, पण काचेवर ओरखडा निघाला तर ओळख टिकवण्याचे काम तीच पावती करते.

माउंट जुळते का, हे अगोदर पाहावे. हाही बॉडी निवडण्याचा एक निकष ठरतो. आपल्या गावातील बहुतांश फोटोग्राफर कॅनन वापरत असतील तर आपणही कॅनन घेणे सोयीचे. निकॉन वापरत असतील तर निकॉन. दोन्ही कंपन्यांचे कॅमेरे चांगले आहेत आणि त्यावरून कट्ट्यावर रंगणाऱ्या वादात पडण्यापेक्षा उसनी लेन्स कोणाकडून मिळेल हे पाहिलेले बरे.

वापरलेला कॅमेरा घेताना फसवणूक कशी टाळावी?

मूळ बिल आणि खोक्यावरचा क्रमांक बॉडीखालच्या क्रमांकाशी जुळवावा. बिल नसेल तर माल चोरीचा असू शकतो किंवा भारतातील वॉरंटीशिवाय बाहेरून आलेला असू शकतो. त्यानंतर शटर किती वेळा चालले ते पाहावे. निकॉनच्या चित्रातील माहितीतच हा आकडा नोंदवलेला असतो आणि अनेक मोफत साधनांनी तो वाचता येतो. कॅननच्या बहुतेक बॉडीत तो चित्रात लिहिलेला नसतो, त्यासाठी कॅमेरा संगणकाला जोडून वेगळे सॉफ्टवेअर वापरावे लागते. डी३५०० आणि ८०डी चे शटर १ लाख, डी७२०० आणि डी७५०० चे दीड लाख, तर ७डी मार्क II आणि डी५०० चे २ लाख वेळांसाठी तपासलेले आहे. हे आकडे मर्यादा नसून अंदाज आहेत, पण लग्नांत वापरलेला कॅमेरा दोन हंगामांत ५० हजारांच्या पुढे सहज जातो.

मग आकाशाकडे रोखून एफ/१६ वर एक चित्र काढावे. सेन्सरवरील डाग त्यात काळे ठिपके होऊन दिसतात. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. शेवटी कॅमेरा घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर यावे आणि आपल्याकडे येणाऱ्या मोटारसायकलीवर सतत फोकस ठेवून सलग चित्रे घ्यावीत. निम्मी चित्रेही स्पष्ट आली नाहीत, तर लेन्स किंवा बॉडीचा फोकस सरकलेला असू शकतो. जो विक्रेता रस्त्यावर कॅमेरा नेऊ देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये.

कार्ड, बॅटरी, मोनोपॉड यांपैकी आधी काय घ्यावे?

कार्ड. पाकिटावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो. सलग चित्रे घेताना महत्त्व लिहिण्याच्या वेगाला आहे. व्ही३० किंवा यू३ हे चिन्ह असलेले, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देणारे, ६४ जीबीचे कार्ड पुरते. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी. नकली कार्डांचा सुळसुळाट असल्याने बिलाशिवाय घेऊ नये.

दुसरी मूळ कंपनीची बॅटरी त्यानंतर. मोनोपॉड (एका पायाचा आधार) ७०-२०० किंवा त्याहून मोठी लेन्स हाती येईपर्यंत लागत नाही, आणि ट्रायपॉड खेळासाठी अडचणीचाच ठरतो.

कॅमेऱ्यात कोणत्या सेटिंग्ज ठेवाव्यात?

फोकस सतत चालणाऱ्या प्रकारात ठेवावा. कॅननमध्ये त्याला एआय सर्वो आणि निकॉनमध्ये एएफ-सी म्हणतात. सर्व बिंदू चालू ठेवण्याऐवजी मधला बिंदू किंवा त्याभोवतीचा लहान गट निवडावा, नाहीतर कॅमेरा खेळाडू सोडून मागच्या प्रेक्षकांवर किंवा जाहिरातीच्या फलकावर फोकस करतो. शटर प्राधान्याचा प्रकार आणि स्वयंचलित आयएसओ यांची जोडी सुरुवातीला सोपी जाते. पांढऱ्या कपड्यांतील क्रिकेटमध्ये चित्र काळवंडत असेल तर एक्स्पोजर थोडे वाढवावे. मागच्या पडद्यावर पाहून चित्रे घेऊ नयेत. डीएसएलआरची वेगवान फोकस यंत्रणा व्ह्यूफाइंडरमधून पाहतानाच काम करते.

बातमीसाठी चित्रे लगेच पाठवायची असतील तर जेपेग पुरे. रॉ (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइली) घेतल्यास स्वस्त बॉडी काही चित्रांतच अडखळते, आणि ती अडखळते तेव्हाच गडी बाद होतो.

मे महिन्याचे ऊन आणि इथली धूळ कॅमेऱ्याला सोसते का?

बहुतेक डीएसएलआरसाठी निर्मात्यांनी ० ते ४० अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली आहे, आणि जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. कॅमेरा लगेच बंद पडत नाही, पण काळी बॉडी उन्हात हवेपेक्षाही जास्त तापते. दोन षटकांच्या मध्ये तिच्यावर पांढरा रुमाल किंवा उपरणे टाकावे आणि बंद मोटारीत ती कधीही ठेवू नये. दुपारी आणखी एक त्रास होतो, ज्याचा दोष लोक लेन्सला देतात. तापलेल्या मैदानावरून उठणारी हवा थरथरते आणि लांबून टेलिझूमने घेतलेले चित्र कितीही नेमका फोकस असला तरी लिबलिबीत येते. यावर कोणतीही महाग लेन्स उपाय नाही. जवळ जावे, किंवा सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतरचे सामने निवडावेत.

काळ्या मातीची धूळ बारीक असते. मैदानावर लेन्स बदलू नये, घरी आल्यावर आधी हातपंपाच्या ब्लोअरने धूळ उडवावी आणि मगच मऊ कापड लावावे. सेन्सरला कापड किंवा तोंडाने फुंकर कधीही लावू नये. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसह संच ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावे, नाहीतर श्रावण संपेपर्यंत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते.

मैदानावर चित्रे काढण्यासाठी परवानगी लागते का?

आयोजकांना आधी भेटून सांगावे, हे सर्वांत सोपे. शालेय स्पर्धांमध्ये खेळाडू अल्पवयीन असतात. तेथे क्रीडाशिक्षकांची परवानगी घ्यावी, मुलामुलींची चित्रे नाव-पत्त्यासह कुठेही टाकू नयेत आणि पालकांनी काढून टाकण्यास सांगितल्यास वाद न घालता काढावीत. सामना संपल्यावर संघाच्या शिक्षकांना चार चांगली चित्रे पाठवून द्यावीत. पुढच्या स्पर्धेत अंतिम रेषेमागची जागा मागताना त्याचा उपयोग होतो.